चुकलं, असं म्हणायचं नाही!

विमा म्हटला की आपल्याला मरण आठवते. आपण गेल्यावर घरच्यांना पैसे मिळतात, हा हिशेब पालमच्या बाजारपेठेत सगळ्यांना पाठ आहे. पण आपल्या दुकानात दुसराच कोणी पडला तर त्याला भरपाई मिळावी म्हणून हप्ता आपण भरायचा, हे ऐकून आमचे एक किराणावाले स्नेही म्हणाले, "कामून? त्याला बघून चालता येत नाही का?"

प्रश्न रास्त आहे. माझ्या पायरीवरच्या तेलावरून घसरलेला माणूस माझा कोण?

१९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी एका बाईंच्या जिंजर बिअरच्या बाटलीतून कुजकी गोगलगाय निघाली, असे त्यांचे म्हणणे. बाटलीचे पैसे दुसऱ्यानेच दिलेले. तरी बाईंनी कारखानदारावर दावा लावला. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की, आपल्या हलगर्जीपणाची झळ ज्याला लागेल हे आधीच ध्यानात यायला हवे, तो आपला शेजारी. गोगलगाय खरोखर होती का, हे कोर्टात कधीच सिद्ध झाले नाही. आपल्या गोगलगायीच्या पोटात नुसते पाय असतात. तिच्या पोटात अख्खा कायदा निघाला!

हा शेजारधर्म परवडावा म्हणून दुकानाच्या विम्यात आग, चोरी यांच्या जोडीला दायित्वाचेही कलम घेता येते. गिऱ्हाईक पडले आणि दुकानदार कायद्याने जबाबदार ठरला, तर ठरल्या रकमेपर्यंत भरपाई कंपनी देते. अट बहुधा एकच जाचक असते : कंपनीला विचारल्यावाचून चूक कबूल करायची नाही.

आता आली का पंचाईत? आपल्याकडे माणूस पडला की आधी "चुकलं हो आमचं" म्हणतात, कुणाचं चुकलं ते मागाहून बघतात. पोरगं पडलं तर आई फरशीलाच चापट मारते. फरशीचा विमा नसतो म्हणून बरं!

पण खरं सांगू? पाय मोडून घरी बसलेल्या मजुराची चूल "चुकलं" या शब्दावर पेटत नाही. शब्द फुकट असतो, म्हणून तर आपण त्याबाबतीत एवढे उदार.

तेव्हा हप्ता भरावा, या मताचा मी आहे. पैशाचे कंपनी बघेल. मात्र पडलेल्याला हात देऊ नका, पाणी पाजू नका, जीपमध्ये घालून गंगाखेडला डॉक्टरकडे नेऊ नका, असे कुठल्याही पॉलिसीत लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. आणि पायरीवरचे तेल पुसायला तर हप्ताही पडत नाही.