लक्कम्मेचा प्रश्न



'माझे किती?' हा प्रश्न माणूस निदान अडीच हजार वर्षे विचारीत आला आहे. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने विचारला, इंग्लंडात जॉन लॉकने विचारला, आणि अमेरिकेच्या विद्यापीठांतून त्यावर आजही वाद झडतात. बाराव्या शतकात कल्याणनगरीत एका शिवशरणीने तो आपल्या पतीला विचारला. आयदक्की लक्कम्मा ही ती शिवशरणी.

कथा आपल्या परिचयाची आहे. 'आयदक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. महात्मा बसवेश्वरांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले दाणे वेचावेत आणि त्यांवर जंगमदासोह करावा, हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मेने विचारले, हे जादा कोठून आले? आणि ते होते तेथेच परत टाकून येण्यास सांगितले.

येथे आपण घाईने 'लोभ वाईट' असे म्हणून पुढे जातो. पण जरा थांबावे. मारय्याने चोरी केली नव्हती. दाणे जमिनीवर पडलेले, कोणी हक्क न सांगितलेले. शिवाय ते स्वतःच्या पोटासाठी नव्हते, दासोहासाठी होते. मग बिघडले कोठे?

अॅरिस्टॉटलला या बाईचा पहिला अर्धा भाग समजला असता. आपल्या वाट्याहून अधिक हवे असणे, यालाच त्याने 'निकोमाखसचे नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या पाचव्या भागात अन्यायाचे एक रूप म्हटले आहे. घर चालविण्यासाठी मिळवायच्या संपत्तीला मर्यादा असते, पैशासाठी पैसा मिळविण्याला ती नसते, असेही त्याने राज्यशास्त्रावरील ग्रंथात सांगितले. विचार उत्तम, परंतु त्याच ग्रंथात तो दासाला 'सजीव हत्यार' म्हणतो, आणि उत्तम राज्यात कारागिराला नागरिकत्व देऊ नये म्हणतो. अंगणातले दाणे वेचणाऱ्याला त्याच्या सभेत जागा नव्हती. त्याच्या बायकोला तर नव्हतीच.

लॉकचे मत मारय्याच्या बाजूचे वाटते. १६८९ साली निघालेल्या (पुस्तकावर साल १६९० छापले आहे) राज्यविषयक दोन प्रबंधांपैकी दुसऱ्यात तो म्हणतो, कोणाच्याही मालकीचे नसलेले फळ ज्याने वेचले त्याचे ते झाले, कारण त्यात त्याचे श्रम मिसळले. मात्र त्याने दोन कुंपणे घातली. इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, आणि घेतलेले कुजून वाया जाता कामा नये. पुढे मात्र दुसरे कुंपण त्याने स्वतःच मोडले. सोनेनाणे कुजत नाही. म्हणून लोकांनी संमतीने नाणे स्वीकारले की कितीही साठविण्यास वाट मोकळी.

लक्कम्मेची मर्यादा नासण्यावर अवलंबून नव्हती. ते तांदूळ त्याच दिवशी शिजले असते, खाणारेही होते. तिचा आक्षेप दाण्यांवर नसून ज्या मनाने ते उचलले गेले त्या मनावर होता. हे जादा पतीच्या मनातून आले की बसवण्णांच्याच मनातील शंकेतून, असेही तिने विचारले आहे. म्हणजे देणारा कितीही थोर असो, त्याच्या हेतूची चौकशी करण्याचा अधिकार तिने सोडला नाही. आणि हव्यासाचे नाते तिने सिंहासनाशी जोडले, भक्ताच्या चुलीशी नव्हे. बिज्जळाच्या राजधानीत, त्याच्या भांडाऱ्याच्या अंगणातल्या तांदळाविषयी हे बोलणे साधे नाही.

मठाच्या मासिकात लिहिताना हे थोडे अवघड जाते, तरी लिहितो. दासोहासाठी आले म्हणून कोणतेही धान्य पवित्र होत नाही, असा या कथेचा सरळ अर्थ आहे. व्यापारात मापात मारलेला हात, शेतमजुराच्या मजुरीतून कापलेला दिवस, यांची भरपाई देणगीच्या पावतीने होते असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. लक्कम्मेने ती पावती फाडली असती.

आधुनिक वादाकडे वळू. १९७१ साली जॉन रॉल्स यांनी न्यायाचा सिद्धांत मांडला. समाजातील विषमता चालेल, पण ती सर्वांत खालच्या माणसाच्या हिताची असेल तरच, असे त्याचे एक सूत्र. १९७४ साली रॉबर्ट नोझिक यांनी प्रत्युत्तर दिले: संपत्ती योग्य मार्गाने मिळाली असेल तर ती ज्याची त्याची, कोणाकडे किती जमली हे पाहण्याचे कारण नाही. मारय्या नोझिक यांच्या कसोटीला सहज उतरतो. पण मला लक्कम्मेच्या सर्वांत जवळचे वाटतात ते ऑक्सफर्डचे जी. ए. कोहेन. 'तुम्ही समतावादी असाल, तर इतके श्रीमंत कसे?' अशा अर्थाचे शीर्षक असलेले त्यांचे पुस्तक २००० साली निघाले. रॉल्स यांचे नियम समाजाच्या मूळ चौकटीला, कायद्यांना आणि संस्थांना लागू होतात. कोहेन म्हणाले, तेवढ्याने भागत नाही. माणूस रोजच्या व्यवहारात किती मागतो, किती ठेवतो, हाही न्यायाचाच विषय आहे. कोहेन कम्युनिस्ट घरात वाढलेले. वचनसाहित्य त्यांच्या वाचनात आल्याचे मला माहीत नाही, पण त्यांचा मुद्दा लक्कम्मेच्या उंबरठ्यावरचा आहे.

आपल्या राज्यघटनेने चौकटीची बाजू अनुच्छेद ३९ मध्ये घेतली. समाजाची भौतिक साधने सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत आणि संपत्ती थोड्या हातांत एकवटू नये, असे ते राज्याला सांगते. मुंबईतील इमारतमालकांच्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही या अर्थाने समाजाचे साधन ठरत नाही. राज्याने कोठपर्यंत हात घालावा, एवढाच तो निवाडा. घरात आलेल्या जादा तांदळाचे काय करावे, हे न्यायालयाला कोणी विचारले नव्हते.

मारय्याने मात्र बायकोशी वाद घातला नाही. त्याने तांदूळ उचलले आणि परत नेऊन टाकले.