शिक्षण नावे लिहायचं की जमा?

मी वेल्ह्यात विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव होतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण माझ्या तोंडी अजून वेल्हंच येतं. जन्मभर खतावण्या लिहिल्या की एक खोड लागते. समोर आलेली गोष्ट नावे पडते की जमा, हे ठरल्याशिवाय चैन पडत नाही. लेकीच्या राज्यशास्त्राच्या पदवीपाशी मात्र माझी लेखणी अडली.

पैशाचा हिशेब सरळ आहे. बी.ए. भोरला झालं. एसटीचा पास, अनुदानित कॉलेजची फी आणि घरचा डबा, एवढ्यात भागलं. कर्ज सुरू झालं ते पुण्यात. एम.ए.ची फी फारशी नव्हती, पण खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका आणि शेवटी स्पर्धा परीक्षेचा क्लास यांनी घराची कंबर मोडली. तिच्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या, मेव्हण्याकडून हातउसने घेतले आणि एका बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं. सगळं मिळून साडेतीन लाख झाले. आज ती तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टीत तास नसतात, म्हणून पैसे नसतात. शिकवलेल्या तासांचेही उशिरा येतात. तिच्याबरोबर दहावी झालेला भावकीतला पोरगा आयटीआय करून शिरवळच्या कारखान्यात लागला आणि वर्षभरात मोटारसायकल घेऊन दारात आला. भावकीतले चारचौघांत मला ऐकवतात, "अण्णा, राज्यशास्त्र घेऊन पोरीने काय मिळवलं?"

कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेच्या साहेबानेही हेच विचारलं होतं, जरा सभ्य शब्दांत. मला राग आला नाही. कर्ज देणाऱ्याने परतफेड कुठून होणार हे विचारायचंच असतं. मीही आयुष्यभर तेच विचारलं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आईबाप सहकर्जदार म्हणून सही करतात. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. आमच्या सोसायटीतून पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्याने वेळेत भरणा केला, तर तीन लाखांपर्यंत राज्यात व्याज शून्य पडतं. शेतकऱ्यांच्या कर्जमाफ्या मी २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीनदा पाहिल्या. शिकणाऱ्या पोरांची एकही पाहिली नाही.

मी माळकरी आहे, आळंदीला जातो. तिथे कीर्तनात ऋणाचा विषय निघाला की कान टवकारतात. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो. देवांचं ऋण यज्ञाने फिटतं, पितरांचं संततीने आणि ऋषींचं ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूकडे राहून शिकण्याने. मी इथेच थबकलो. इथे शिकणं हे कर्ज नाहीच, ती परतफेड आहे. आधीच्यांनी विचार करून ठेवला, त्याचे आपण देणेकरी, आणि शिकलो की ते देणं चुकतं होतं. बँकेत शिकणं नावे पडतं, इथे तेच जमा होतं.

हे मी लेकीला मोठ्या हौसेने सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, ते वचन ब्राह्मणापुरतं आहे. तुमच्या पणजोबांना वेद शिकायची बंदी होती. ज्याला फेडायची सोयच नाही, त्याला कर्जदारांच्या यादीतही घेतलेलं नाही." हे तिच्या राज्यशास्त्राचं पहिलं व्याज माझ्या पदरात पडलं. मग तिनेच महाभारताचं आदिपर्व काढलं. तिथे पांडू चार ऋणं मोजतो. चौथं मनुष्यांचं. त्याला जातीची अट कशी लावणार? ज्यांच्या जिवावर आपण जगतो, त्या माणसांचं हे देणं.

हे चौथं ऋण धरलं की पुणे शहराचंच खातं उघडावं लागतं. पुणे ज्याचं पाणी पितं ते पानशेत धरण आमच्या तालुक्यात. ते १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, पुण्यात हाहाकार झाला, आणि त्या पुराची आठवण शहर अजून काढतं. त्या धरणासाठी ज्या गावांची खाचरं पाण्याखाली गेली, त्यांची आठवण कितीजण काढतात? भोरमधलं भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला गेलं. आमच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. याला कर्ज म्हणायचं की नाही? माझ्या दप्तरात या बाकीला रकाना नव्हता. लेक म्हणते, राज्यशास्त्र हे अशाच रकान्यांचं शास्त्र आहे. कोण कुणाचं देणं लागतो आणि ते लिहून ठेवायचा अधिकार कुणाच्या हातात असतो, हे ते विचारतं. कौटिल्याने आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती अशा चार विद्या मानल्या. शेती, जनावरं आणि व्यापार म्हणजे वार्ता. माझा जन्म त्यात गेला. दंडनीती तिच्या वाट्याला आली. उशनसाचे अनुयायी म्हणे ती एकच विद्या मानत. मला ते पटत नाही. वार्ता नसेल तर राजाच्या घरीही चूल पेटत नाही.

भावकीतल्यांचा प्रश्न मात्र उरतोच. त्यावर डॉ. आंबेडकरांचं उदाहरण मी नेहमी सांगतो, पण लोक ते अर्धंच ऐकतात. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार लिहून दिलेला होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला हजर झाले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकललं. देणेकरी देणं द्यायला दारात उभा होता, आणि समाजानेच त्याला फेडू दिलं नाही. पुढे १९२० मध्ये लंडनचं शिक्षण पुरं करायला निघाले, तेव्हा त्यांनी नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. तासिका तत्त्वावरच्या पोरांना "कर्ज काढून शिकलात कशाला?" असं कुणी विचारलं की मला बडोदा आठवतं. जागा भरायच्या नाहीत आणि परतफेड होत नाही म्हणून बोल मात्र शिकणाऱ्याला लावायचा.

दुसऱ्या बाजूनेही एक घोटाळा होतो. तो आमचेच बुवा करतात. विद्या हेच धन, पैशाचं काय घेऊन बसलात, असं कीर्तनात सांगितलं की माझ्यातला गटसचिव जागा होतो. तुकोबांनी खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, हा दाखला कर्जमाफीच्या सभेतही दिला जातो. परंपरा काय सांगते ते नीट ऐकावं. बुडवली ती लोकांकडून येणं असलेली खतपत्रं, देणं असलेली नव्हेत. तीही आपल्या वाटणीची. भाऊ कान्होबाच्या वाटणीच्या अर्ध्या कागदांना त्यांनी हात लावला नाही. सावकाराने येणं सोडणं हे संतपण झालं. देणेकऱ्याने देणं बुडवलं तर ती थकबाकीच राहते, मग गळ्यात तुळशीची माळ असो वा नसो. मेव्हण्याचे पैसे मी सगळ्यांत आधी फेडले. त्याचं कारण त्याने व्याज मागितलं नव्हतं.

लेक गावात काय करते, तेही सांगतो. ग्रामसभेत विषयपत्रिका मागते. आमच्या वाडीतल्या एका विधवेची सातबाऱ्यावर वारसनोंद रखडली होती. लेकीने अर्ज लिहिला, कागद जोडले, दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार वापरला, आणि नोंद झाली. तिने एक पैसा घेतला नाही. यातून बँकेचा हप्ता जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. सोसायटीत एका सभासदाच्या खात्यातली जमा दुसऱ्याच्या खात्यात वर्ग करता येत नाही. लेखापरीक्षक लाल शेरा मारतो. पदवीचंही तसंच आहे. बँकेच्या खात्यात ती नावेच आहे आणि पै न पै फेडायची आहे. चौथ्या ऋणाच्या खात्यात तिचा भरणा चालू आहे. एकातलं शिल्लक दाखवून दुसऱ्यातली बाकी कुणी झाकू नये, भावकीनेही नाही आणि बुवांनीही नाही.

तेव्हा भोर-वेल्ह्यातल्या आईबापांना एवढंच सांगतो. पोराला राज्यशास्त्र घ्यायचं असेल तर घेऊ द्या, पण बी.ए. जवळच्या कॉलेजात करू द्या. कर्ज काढायचंच तर पदवीसाठी काढा. स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी पाटल्या गहाण टाकू नका. आमच्या साडेतीन लाखांतले निम्मे त्यातच गेले. त्या पाटल्या गेल्या दिवाळीत सोडवून आणल्या. बँकेचे दीड लाख अजून बाकी आहेत आणि अर्धा हप्ता लेक भरते.