पाव घर

पूर्वी माझं घर आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये एक बस होती. नोकरी सोडून मी भाषांतराचा धंदा सुरू केला आणि ती बस कायमची सुटली. औषधांच्या बाटल्यांवरचा आणि मिक्सरच्या पुस्तिकांतला मजकूर मराठीत आणणं हा आमचा व्यवसाय. त्यासाठी अण्णांच्या खोलीतल्या कोपऱ्यात एक टेबल मांडलं. ऑफिस झालं!

2019 च्या जुलैत रिटर्न भरायची वेळ आली. आमचे सीए उमदे गृहस्थ.

"ऑफिस घरीच ना? मग भाडं खर्चात धरू."

तेव्हा 1961 चा आयकर कायदा चालू होता. त्याच्या 30 व्या कलमात धंद्याच्या जागेचं भाडं खर्चात धरायची सोय होती. मात्र 38 वं कलम म्हणे, घराचा काही भागच धंद्याला वापरत असाल, तर त्या प्रमाणातच धरा. (घर स्वतःचं असलं तर स्वतःच स्वतःला भाडं देता येत नाही. भाडेकरू असल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.)

"घर केवढं?"

"480 चौरस फूट. भाडं महिना 12,000."

"खोली?"

"दहा बाय बारा."

"म्हणजे पाव घर! वर्षाचे 36,000. लावून टाकू."

"पण त्या खोलीत अण्णांची कॉट आहे. लोणच्याच्या बरण्या आहेत. खुद्द अण्णा आहेत."

"कोण येतंय बघायला?"

मी मान डोलावली. घरी येताना मनाची समजूतही घातली. नाहीतरी शब्द अडला की मी घरभर हिंडतोच. 'बाटली हलवून घ्या' हे तर मला न्हाणीघरात सुचलं. मग न्हाणीघराचं भाडं का सोडायचं? उलट टेबलाशी बसून मी शब्दकोडी सोडवतो, ते कुठल्या कलमात बसवायचं, हा प्रश्न मात्र मी सोयीस्करपणे विसरलो.

रात्री हिला 36,000 ची बातमी सांगितली. अण्णांना ऐकू कमी येतं. नको ते नेमकं येतं.

सकाळी उठून पाहतो तो कॉट हॉलमध्ये! बरण्या खिडकीत ओळीनं मांडलेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं हे सगळं एकट्यानं ओढलं होतं.

"अण्णा, हे काय?"

"अरे, खोली ऑफिसची म्हणून लिहून देणार ना? मग ती ऑफिसचीच असली पाहिजे. खोटं नको व्हायला."

मी त्यात टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं. अण्णा एकतीस वर्षं जकात नाक्यावर कारकून होते. ऑफिसची पेन्सिल त्यांनी कधी घरी आणली नाही. आणि मी घरच ऑफिसात नेऊन ठेवत होतो!

आम्ही दोघांनी कॉट परत आत नेली. मी टेप काढली. दुसरं टोक अण्णांनी धरलं. पाच बाय पाच भरलं.

"खुर्ची मागं सरकते ती जागा धर की," अण्णा म्हणाले. "हक्काचं कशाला सोडतोस?"

सहा बाय पाच. तीस चौरस फूट. वर्षाचे 9,000. मी आकडा कागदावर लिहिला. अण्णा कॉटवर टेकले, टेप गुंडाळत जरा घुटमळले.

"सकाळच्या बातम्यांना माझा ट्रान्झिस्टर तुझ्या टेबलावर असतो. तेवढी दहा मिनिटं वजा करायची का रे?"