एक वाटी कमी

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घरी सव्वा वाटीचा होतो, सोसायटीच्या पूजेला सव्वा किलोचा. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. तिन्हींना सव्वाने भागलं की उरतं १ : १ : १. म्हणूनच प्रसाद कुठलाही असो, हातावर पडलेल्या चमचाभर शिऱ्याची चव ओळखीची लागते. माप बदलतं, जिनसांचं आपसातलं नातं बदलत नाही. या नात्यावरूनच त्रैराशिक मांडता येतं. विष्णूने जसं विश्व व्यापलं आहे, तसं त्रैराशिकाने गणित व्यापलं आहे, असं भास्कराचार्य ११५० सालच्या 'लीलावती'त सांगतात.

हे नातं मला कळलं ते मोदकांच्या सारणात. आई चार वाट्या ओल्या खोबऱ्याला दोन वाट्या गूळ घ्यायची. एका चतुर्थीला घरी माणसं कमी होती. मी म्हटलं, "दोन्हींतली एकेक वाटी कमी करू." आईने अडवलं नाही. सारण शिजलं, तिने चिमूटभर माझ्या हातावर ठेवलं. ते अगोड होतं. ४ : २ चं ३ : १ झालं होतं. आई एवढंच म्हणाली, "वाटी सारखी काढलीस गं, पण गुळाकडे होत्या किती?"

खोबऱ्याच्या चारातली एक गेली म्हणजे पाव हिस्सा गेला. गुळाच्या दोनातली एक गेली म्हणजे निम्मा गूळच गेला. दोन्ही निम्मे केले असते, तर २ : १ राहिलं असतं, सारण थोडं झालं असतं, पण गोड झालं असतं. गुणोत्तराला संक्षिप्त रूप द्यायचं तर दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागायचं, सारखं वजा करायचं नाही. शाळेतला हा नियम मला तेव्हापासून न्यायाचा वाटत आला आहे.

घरात ओढाताण सुरू झाली की आपण सहज म्हणतो, सगळ्यांनी शंभर-शंभर रुपये कमी खर्च करू या. ऐकायला ते समान वाटतं. पण हजार रुपये हाताशी असणाऱ्याचा त्यात दहावा हिस्सा जातो आणि दोनशेवाल्याचा निम्मा.

आज कुठे काही कमी करायची वेळ आली, तर आधी एवढं पाहू या: ज्याच्याकडून वाटी काढतो आहोत, त्याच्याकडे मुळात वाट्या किती आहेत?