सालीचं देणं

निवांत बसा. भाजी निवडून झाली आहे. परातीत मेथीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा आणि केळीची एक साल उरली आहे. ते लगेच फेकायला उठू नका.

साल हातात घ्या. आतल्या बाजूवरून बोट फिरवा. ओलसर लागते, धागे बोटाला चिकटतात. कदाचित हे केळ अर्धापूरकडच्या एखाद्या बागेतलं असेल. झाडानं तिथल्या काळ्या मातीतून पालाश ओढलं आणि त्यातलं बरंच या सालीत ठेवलं. इथं हिंगोली जिल्ह्यात, जवळा बाजारला जी पाटी उतरते, जे पोतं येतं, त्यासोबत कुठल्या ना कुठल्या रानाचा कस येतो. गर आपण खाल्ला. उरलेला कस अजून आपल्या हातात आहे. थोडा वेळ एवढंच मनात धरा.

आता मन मातीत उतरू द्या. साल कुंडीत पुरली म्हणून मोगऱ्याला ती लगेच लागू पडत नाही. मुळं पाण्यात विरघळलेलंच अन्न घेतात. त्याआधी जिवाणू, बुरशी, गांडुळं यांचं जेवण व्हावं लागतं. त्यांना ओल हवी, हवा हवी. सालींतलं नत्र हवं आणि सुक्या पाचोळ्यातला कर्बही हवा. यातले बहुतेक जीव डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची आठवण ठेवा.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, नारायण पांढरीपांडे यांनी कुजवून खत करण्याचं हेच काम मोठ्या प्रमाणावर बसवलं. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांची टाकी. तिच्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थरावर थर. भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. थोड्या शेणात पुष्कळ खत, साधारण तीन-चार महिन्यांत. त्या भोकांवर लक्ष ठेवा. भिंत घातली, पण हवेची वाट अडवली नाही.

आपल्या घरच्या खताच्या बादलीलाही तशीच छिद्रं पाडा. आतलं मिश्रण मुठीत दाबा: ओल जाणवावी, पाणी गळू नये. आंबूस वास आला तर हवा कमी पडते आहे. वरखाली करा, सुका पाला घाला. घाई मात्र नको. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत गेलं, तर जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि रोप पिवळं पडतं. काळसर, भुसभुशीत झालं, साल ओळखू येईनाशी झाली, की मगच द्या.

ज्या रानानं हे केळ दिलं, तिथं ही साल परत जाणार नाही. ते अंतर आपल्याला मिटवता येत नाही. पण माती कुठलीही असो, घेतलेलं तिला परत करता येतं. आता उठा, साल बारीक चिरा, बादलीत टाका आणि वर दोन मुठी पाचोळा पसरा.