सांध्याची रेघ

वाईच्या गणपती घाटावर उभे राहून मी डावीकडून उजवीकडे सात छायाचित्रे घेतली. प्रत्येकात शेजारच्याचा काही हिस्सा यावा लागतो; एरवी संगणकाला सांधा जुळवता येत नाही. रात्री जुळवून पाहतो तो काय, वडील दोनदा! मी कॅमेरा फिरवीत होतो तेवढ्यात ते पायऱ्या उतरले होते. एकीकडे ते नदी पाहताहेत, दुसरीकडे हात उंचावून मला बोलावताहेत. सांध्याची रेघ जराशी सरकवली की एक वडील नाहीसे होत होते. मी नदी पाहणारे ठेवले. चित्राला तेच शोभत होते.

मायब्रिजने १८७८ साली सॅन फ्रान्सिस्कोचे सबंध वर्तुळ १३ छायाचित्रांत पकडले. तेवढ्या वेळात सावल्या हलल्या. म्हणजे ते शहर तसे कोणत्याच एका क्षणी नव्हते. तरी त्याला खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपला डोळाही तुकडेच जोडीत असतो. पण सावल्या हलणे निराळे. मी माणूस पुसला, आणि तोही मला हाक मारणारा.

चित्र आता दिवाणखान्यात आहे. येणारेजाणारे वाखाणतात. परवा वडील त्यासमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, “मी तुला हात केला होता ना रे तेव्हा?”