सेवेचा तास कोणाचा?

महाविद्यालयातल्या ज्या मुलामुलींनी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलेले असते, त्यांना वर्षाकाठी १२० तास समाजाच्या कामी द्यावे लागतात. दोन वर्षांचे मिळून २४०, शिवाय सात दिवसांचे एक शिबिर. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली, तेव्हापासून हा तासांचा हिशेब चालत आला आहे. मुले वहीत तारीख, काम आणि तास लिहितात, प्राध्यापक खाली सही करतात, आणि वही भरली की सेवा पुरी झाली असे मानले जाते.

मला या वहीविषयी नेहमी एक कुतूहल वाटते. तीत जमेची बाजू आहे, खर्चाची नाही. समाजाला अमुक तास मिळाले हे तीत लिहिलेले असते, पण ते आले कोठून, यासाठी एकही रकाना कोणी आखलेला नाही. पैसा टाकसाळीत पाडता येतो, तास पाडता येत नाही. दिवसाचे चोवीस ठरलेले. त्यांतला एक कोणाला द्यायचा म्हटला, की तो आधी दुसऱ्या कोणाच्या तरी पदरातून उचलावा लागतो.

योजनेचे नाव मी घेतले ते केवळ तिच्याकडे हिशेबाची वही असते म्हणून. वही न ठेवता हेच करणारी मुले मुंबईच्या उपनगरांत पुष्कळ आहेत. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा धर्मवर्ग घेणारा मरोळचा तरुण, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर बाराखडी शिकवायला जाणारी मुलगी, गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री तलावाकाठी निर्माल्य वेगळे करीत उभी राहणारी मुलुंडची पोरे, या साऱ्यांचा प्रश्न एकच आहे. घर एकीकडे ओढते, पुस्तक दुसरीकडे ओढते, आणि ज्याला आपण सेवा म्हणतो ते तिसरीकडे बोलावते. या तिघांत पहिला हक्क कोणाचा?

माझ्या ओळखीची एक मुलगी घाटकोपरच्या पंतनगरात राहते. घर दोन खोल्यांचे आणि माणसे पाच : आईवडील, आजी, धाकटा भाऊ आणि ही. महाविद्यालय अंधेरीला. हिच्या आधीची पिढी घाटकोपरहून अंधेरीला जायची ती दादरला गाडी बदलून, नाही तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या बसमध्ये लोंबकळत. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तो वनवास थोड्या मिनिटांवर आला. म्हणजे जाऊन येऊन तास-सव्वा तास या मुलीला आयता मिळाला. पण मौज अशी की, वाचलेल्या वेळावर हक्क सांगणारे लगेच तीन निघाले. आई म्हणाली, आता संध्याकाळची कणीक तू भिजवू शकशील. प्रयोगवही म्हणाली, मी किती दिवस अर्धी राहू? आणि मेट्रोच्या खिडकीतून दिसणारी असल्फ्याची टेकडीही काही म्हणाली असली पाहिजे, कारण पहिल्याच वर्षी शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ तिने त्या टेकडीला देऊन टाकली.

असल्फा हे घाटकोपरहून दुसरेच स्थानक. अलीकडे तिथल्या काही घरांच्या भिंती रंगवल्या आहेत, त्यामुळे लांबून ती टेकडी रांगोळीसारखी दिसते. जवळ गेले की पायऱ्या दिसतात. उभ्या, अरुंद आणि ओल्या. पावसाळ्यात अशा टेकड्यांवरची माणसे रात्री कान उघडे ठेवून झोपतात. याच घाटकोपरात, आझादनगरला, १२ जुलै २००० रोजी दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली. ती आठवण आजूबाजूच्या टेकड्यांनाही आहे. तिथल्या एका खोलीत ही मुलगी तीसेक मुलांना पाढे आणि मराठी वाचन शिकवते. त्यांतली एक चौथीतली मुलगी जोडाक्षरे वाचू लागली, तेव्हा ही घरी येऊन रात्रभर तेच सांगत होती. तो आनंद खोटा होता असे म्हणण्याची माझी छाती नाही.

परंतु त्याच रविवारी सकाळी पंतनगरातल्या त्या दोन खोल्यांत पोळ्या आई लाटत होती. आठवड्यातून एक दिवस उशिरापर्यंत पडून राहण्याचा तिचा जो हक्क होता, तो असल्फ्याच्या टेकडीवर खर्च झाला. आजीच्या डोळ्यांत शनिवारी संध्याकाळी थेंब घालायचे काम वडिलांकडे आले, आणि वडिलांचा हात थरथरतो म्हणून आजी दर वेळी कुरकुरते. जोडाक्षरे शिकवली मुलीने, पण त्यांची फी भरली आईने. वहीत मात्र आईचे नाव नाही.

येथे कोणी म्हणेल, हा काय कोता हिशेब! सेवेत असे आणे-पै मोजायचे नसतात. मला वाटते, हे वाक्य फार जपून उच्चारावे. आपल्या भाषेतली दोन थोर पुस्तके हेच मोजमाप करण्यासाठी लिहिली गेली की काय, असे मला कधीकधी वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढले आयुष्य लोकांसाठी वाहिले. त्यांचा दानशूर स्वभाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण दाराशी आलेल्याच्या हाती घरातला पैसा गेल्यावर चूल कशी पेटत असे, हे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांना विचारलेले नव्हते. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः तोच मार्ग धरला, पण मधली पाच वर्षे विसरून नव्हे.

धोंडो केशव कर्वे हे तर मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी खास आठवावेत. एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले ते शिकवण्या करून, आणि १८८४ साली पदवीधर झाले. पुढे पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवीत असताना त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याला गेला. दिवसभर गणित शिकवून संध्याकाळी अण्णासाहेब चिखल तुडवीत हिंगण्याची वाट चालत. ती वाट महाराष्ट्राने नमस्कारपूर्वक लक्षात ठेवली, आणि १९५८ साली देशाने त्यांना भारतरत्न दिले. त्या संध्याकाळी शहरातल्या घरी मुलांजवळ कोण होते? आनंदीबाई. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, संसार ओढला, वर आश्रमासाठी वर्गणीही मागितली. १९४४ साली त्यांचे ‘माझे पुराण’ निघाले तेव्हा त्या हिशेबाची दुसरी बाजू लोकांना वाचायला मिळाली. ज्या घरांतल्या बायकांनी लिहिले नाही, त्या घरांतली ती बाजू तशीच विझून गेली.

म्हणून का घरचे सारे आटोपल्यावरच बाहेरचे करावे? हा उपदेश फार सोयीचा आहे, आणि तितकाच घातकही. घरचे कधी आटोपते काय? भांडी घासून झाली की दूध उतू जाते, बहिणीचे लग्न झाले की भावाची परीक्षा येते. सारे आटोपण्याची वाट पाहणारा माणूस साठाव्या वर्षी सेवेला मोकळा होतो, आणि तेव्हा त्याचे गुडघे मोकळे नसतात. शिवाय घर नेहमी शहाणेच असते असेही नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढल्याच वर्षी वडिलांनी लोकांच्या दडपणाखाली त्यांना घराबाहेर काढले. जोतीराव तेव्हा बावीस वर्षांचे होते. म्हणजे आजच्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलाएवढे. त्या दिवशी त्यांनी ‘आधी घर’ म्हटले असते, तर आज टेकडीवर शिकवायला जाणारी ही मुलगी स्वतः शिकली असती की नाही, देव जाणे. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. घर सोडताना सावित्रीबाई त्यांच्या बरोबर होत्या. त्या मागे राहिलेल्या नव्हत्या, त्यांच्या जिवावर कोणी पुढे गेलेले नव्हते. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या, तो त्यांचा स्वतःचा तास होता.

मुलाच्या आणि मुलीच्या सेवेला आपण निरनिराळी मापे लावतो, तेही येथेच सांगून टाकतो. धाकटा भाऊ मंडळाच्या रक्तदान शिबिरात दिवसभर राबला तर शेजारी म्हणतात, पोरगा समाजकार्य करतो हो! मुलगी टेकडीवर निघाली की तेच शेजारी विचारतात, घरचे झाले का ग? मुलाचा वेळ त्याचा असतो आणि तो जगाला देतो. मुलीचा वेळ घराचा असतो आणि ती तो चोरते. हे माप आधी मोडले पाहिजे, नाही तर वरचा सगळा विचार फक्त मुलींना दारात अडवायला उपयोगी पडेल. आईच्या रविवारची चिंता वाटते ना? मग पोळपाट-लाटणे भावाच्याही हाताला बसते. थेंबांची बाटली तर त्याहून हलकी असते.

या कामाबद्दल गुण मिळतात, काही अभ्यासक्रमांत श्रेयांकही मिळतात, म्हणून ती सेवाच नव्हे, असे नाक मुरडणारेही भेटतात. मला हा आक्षेप फारसा मोठा वाटत नाही. गुणांसाठी शिकलेली बाराखडी खोटी नसते, तशी गुणांसाठी शिकवलेलीही नसते. पहिले दहा रविवार वहीसाठी गेलेला मुलगा अकराव्या रविवारी मुलांसाठी जातो, असे मी पाहिले आहे. (उलटेही पाहिले आहे. प्रमाणपत्र हाती पडताच टेकडी विसरली.)

खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती सोडवण्याची एक वाट आपल्याला पंढरपुरात सापडण्यासारखी आहे. पुंडलिकाची कथा आपण मुलांना सांगतो ती बहुधा त्यांना घरी बसवण्यासाठी. पाहा, आईबापांचे पाय चेपीत होता म्हणून त्याने प्रत्यक्ष देवालाही थांबवले! पण कथेतली वीट आपण नीट पाहत नाही. पुंडलिक देवाकडे पाठ फिरवून गप्प राहिला असता, तर ती उद्धटाची कथा झाली असती. सेवा अर्धी टाकून धावला असता, तर आईबाप उघडे पडले असते. त्याने काय केले? दोघांपैकी एकाला थांबावे लागणार हे त्याने ओळखले, तसे तोंडाने सांगितले, आणि थांबणाऱ्याच्या पायांखाली काहीतरी दिले. वीट म्हणजे फार मोठे दान नव्हे. पण ‘तू ताटकळतो आहेस हे मला ठाऊक आहे’ असा निरोप तिच्यात आहे, आणि त्या निरोपावर विठोबा अजून उभा आहे.

आपल्या मुलांच्या दिवसात कोणीतरी थांबणारच. कधी टेकडी थांबेल, कारण परीक्षा आठ दिवसांवर आलेली असेल. कधी प्रयोगवही थांबेल. आणि पुष्कळदा आई थांबेल. यांत कोणाला थांबवावे याचा कायमचा निवाडा मला देता येत नाही, आणि देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. टेकडीवरच्या मुलांना ‘पुढले दोन रविवार मी येणार नाही, माझी परीक्षा आहे’ असे सांगून, पुरेशी गणिते लिहून देऊन जाणे ही वीट आहे. न सांगता दांडी मारणे, आणि मुलांनी पायऱ्यांवर वाट पाहत बसणे, ही बेपर्वाई आहे, मग ती आईची सेवा करण्यासाठी का असेना. घरीही तेच. ‘मी जाते ग’ म्हणून चपला घालणे निराळे, आणि ‘रविवारी मला सकाळ हवी आहे, तुझी कोणती सकाळ मी घेऊ?’ असे विचारणे निराळे. विचारले तर आई नाही म्हणेल, ही भीती खरी आहे. ती नाही म्हणालीच, तर तिच्याशी वाद घालावा, भांडावे, जोतीरावांचे उदाहरण द्यावे. पण ज्याचा तास आपण उचलतो त्याला नाही म्हणायची संधीच द्यायची नाही, आणि वर त्या तासाला निःस्वार्थ म्हणायचे, हे मला पटत नाही.

त्या पंतनगरच्या घरी गेल्या दिवाळीत मी फराळाला गेलो होतो. टेकडीवरच्या मुलांना फराळ न्यावा असे मुलीच्या मनात होते. आदल्या वर्षी तिने घरच्या डब्यांतला थोडाथोडा काढून नेला होता, आणि भाऊबीजेला चिवडा कमी पडला म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. या खेपेला वसुबारसेच्या आधीच ती आईजवळ जाऊन बसली होती म्हणे. आईने आधी नाही म्हटले. भाजणी दळून आणायची कोणी, तळायचे कोणी, तेलाचे भाव काय झाले आहेत? मुलगी म्हणाली, भाजणी मी दळून आणते, सोऱ्या बाबू दाबेल, तू फक्त तळ. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईने विचारले, ‘मुले किती?’

‘चौतीस.’

‘लहान किती, मोठी किती?’

मुलीला ते पटकन सांगता येईना. तेव्हा आई म्हणाली, ‘मग या रविवारी मलाच घेऊन चल. बघितल्याशिवाय अंदाज कसा यायचा?’ आणि आजीने आतून विचारले, त्या दिवशी माझ्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?